‘निरंक’ या शेऱ्यामागचा शोध घ्यावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीत गेले तीन मंगळवार नोकरीच्या ठिकाणी, शाळांमध्ये आणि क्रीडांगणांवर स्त्रियांशी होणाऱ्या दुजाभावाविषयीची वृत्तमालिका प्रसिद्ध होत आहे. तिन्ही भागांची कात्रणे मी जपून ठेवली आहेत. येत्या मंगळवारी चौथ्या भागाने मालिकेचा समारोप होईल, अशी चौकट तिसऱ्या भागाखाली वाचली आणि हे पत्र लिहायला बसले. समारोप एवढ्यात करू नये, अशी माझी विनंती आहे. रबाळे औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या लेखा विभागात मी 27 वर्षे पगारपत्रके तयार केली. त्या काळात जे डोळ्यांसमोरून गेले, त्यावरून ही विनंती करते आहे.

आपल्या बातमीदारांनी ज्या स्त्रियांशी बोलून लिहिले, त्यांची व्यथा खरी आहे याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु तिन्ही भागांची बांधणी एकसारखी झाली आहे. बाई आपली हकीकत सांगते, तिचे नाव बदललेले असते आणि शेवटच्या परिच्छेदात व्यवस्थापकांचे किंवा मुख्याध्यापकांचे एक वाक्य येते की, आमच्याकडे असा कोणताही भेदभाव होत नाही, सर्व नियमांचे पालन केले जाते. बातमी तिथेच थांबते. कोणाचे खरे मानायचे हे वाचकावर सोपवले जाते आणि ज्याचा मुळातच विश्वास बसायचा नसतो, त्याचा तो बसत नाही. मला सांगायचे आहे ते असे की, त्या शेवटच्या वाक्याची शहानिशा करता येते. दुजाभाव जिथे होतो तिथे त्याचे कागदही तयार होत असतात; हजेरीपट, नेमणूकपत्रे, नोंदवह्या, वार्षिक अहवाल असे ते अगदी साधे कागद असतात. त्यांतले कितीतरी मी स्वतः टंकलेखन करून, शिक्का मारून फायलीला लावले आहेत.

आमच्या कारखान्याच्या पॅकिंग खात्यात खोक्यांना पट्टी मारण्याचे यंत्र होते. त्यावर एक बाई नऊ वर्षे काम करत होत्या. वयाने मोठ्या, म्हणून मी त्यांना मावशी म्हणत असे. पट्टीचा ताण किती ठेवायचा, ती जोडावर वितळून चिकटली की नाही, हे त्या नुसत्या आवाजावरून सांगत. यंत्र बिघडले तर दुरुस्तीवाला येईपर्यंत त्याच काहीतरी करून ते चालू ठेवत. पगारपत्रकात त्यांच्या नावापुढे पदनाम होते ‘हेल्पर’ आणि वर्ग ‘अकुशल’. पुढे त्या यंत्रावर दुसऱ्या पाळीसाठी एक तरुण मुलगा घेतला गेला. त्याला पंधरा दिवस मावशींनीच शिकवले. त्याचे नेमणूकपत्र मी तयार केले. त्यात पदनाम होते ‘ऑपरेटर’ आणि वर्ग ‘अर्धकुशल’. पहिल्या पगाराच्या दिवशी मावशी दोघांच्या पगाराच्या चिठ्ठ्या हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या आणि त्यांनी विचारले, “ताई, ह्याला माझ्यापेक्षा जास्त कसा?” मी त्यांना सांगितले की, पदनाम वेगळे आहे. त्या वेळी ते उत्तर मला बरोबर वाटले, कारण कागदावर ते बरोबरच होते. त्या चिठ्ठ्यांची घडी करून मावशी निघून गेल्या. त्यांनी पुन्हा कधीही विचारले नाही.

समान वेतन कायदा 1976 चा. त्याच्या नियमांनुसार आस्थापनेला ‘फॉर्म डी’ नावाची एक नोंदवही ठेवावी लागे. त्यात कामगारांचा प्रवर्ग, कामाचे थोडक्यात वर्णन, पुरुष किती, स्त्रिया किती आणि वेतनाचा दर असे रकाने असत. ती नोंदवही मी वर्षानुवर्षे भरली. हेल्पर या ओळीत पुरुषांच्या रकान्यात शून्य आणि ऑपरेटर या ओळीत स्त्रियांच्या रकान्यात शून्य. एकाही प्रवर्गात स्त्री आणि पुरुष एकत्र नसल्याने, एकाच प्रवर्गात दोन वेगळे दर दिसण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. तपासणीसाठी अधिकारी आले की वही पाहून सही करत. कामाच्या वर्णनाचा रकाना दोन्ही ओळींसाठी जवळजवळ सारखा होता, पण तो आडवा वाचायचे कोणाच्या मनात आले नाही. माझ्याही आले नाही.

ही युक्ती आमच्या कारखान्याने शोधून काढलेली नव्हती. मुंबईच्याच मॅकिनन मॅकेन्झी या जहाज व्यवसायातील कंपनीविरुद्ध ऑड्री डिकोस्टा यांनी दिलेल्या लढ्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये दिला. त्या तिथे लघुलेखिका होत्या. वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे नेमलेल्या स्त्रियांचा ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ असा स्वतंत्र प्रवर्ग होता आणि त्यांचा पगार पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी होता. या प्रवर्गात एकही पुरुष नाही, मग भेदभाव कसला, असा कंपनीचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. काम सारखे असेल तर नावाच्या फरकाने पगार कमी करता येणार नाही आणि कंपनीची आर्थिक स्थिती हेही त्याला कारण होऊ शकत नाही, असे सांगितले. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला हा निकाल लागलेला होता. आमच्या कार्यालयात तो कोणाला ठाऊक नव्हता, कारण तो ज्या इंग्रजी निकालसंग्रहांत छापला गेला ते आमच्यापर्यंत येत नव्हते आणि जे वर्तमानपत्र येत होते त्यात त्याविषयी काही वाचल्याचे मला आठवत नाही. 1976 चा तो कायदा पुढे 2019 च्या वेतन संहितेत समाविष्ट झाला, पण पदनामांची ही वाटणी ज्या कारखान्यांत होती तिथे ती आपोआप नाहीशी झाली असेल, असे मला वाटत नाही.

नाक्यावरच्या बिगारी कामात तर एवढाही आडपडदा नसतो. तिथे बाईची रोजंदारी वेगळी आणि पुरुषाची वेगळी हे सकाळी सर्वांसमोर ठरते. बांधलेल्या नोकरीत मात्र कागद मध्ये येतो आणि कागद वाचता येणारा माणूस लागतो. रात्रपाळी दिली नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून पर्यवेक्षक म्हणून बढती नाही, हे हजेरीपटाच्या तीन वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या तरच कळते. कंत्राटदाराकडील 11 महिन्यांचा करार एखाद्या बाईच्या गरोदरपणाच्या पाचव्या-सहाव्या महिन्यात नेमका ‘संपुष्टात’ येतो आणि तिच्याबरोबर लागलेल्या बाकीच्यांचा वाढवला जातो, हेही तसेच. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली, 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झाले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण रजा नाकारल्याचा एकही अर्ज फायलीत सापडणार नाही, कारण अर्ज करण्याआधीच तिचे नाव पटावरून गेलेले असते.

म्हणूनच 2024 च्या जून महिन्यात रॉयटर्स वृत्तसंस्थेने तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर येथील फॉक्सकॉनच्या आयफोन कारखान्याविषयी जे वृत्त दिले, ते मला फार मोलाचे वाटले. जुळणीच्या कामावर विवाहित स्त्रियांना घेतले जात नाही, हे त्या बातमीदारांनी नोकरभरती करणाऱ्या मध्यस्थांशी बोलून, त्यांच्या जाहिराती आणि संदेश गोळा करून मांडले. कंपनीने आरोप नाकारले. परंतु जाहिरातींचे कागद समोर होते, त्यामुळे तो नुसता शब्दाला शब्द राहिला नाही. केंद्रीय श्रम मंत्रालयाने तमिळनाडू सरकारकडे अहवाल मागितला. आपल्याकडे ऐरोली, महापे, घणसोलीच्या बसथांब्यांवर आणि विजेच्या खांबांवर ‘फक्त मुलगे पाहिजेत’, ‘अविवाहित मुलींना प्राधान्य’ अशा नोकरीच्या चिठ्ठ्या आजही चिकटवलेल्या दिसतात. आपल्या बातमीदाराने एक महिनाभर त्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून त्यांवरच्या क्रमांकांना दूरध्वनी केला, तरी एक भाग सहज तयार होईल.

आता ‘निरंक’ या शब्दाविषयी. सरकारी पत्रव्यवहार ज्यांनी केला आहे त्यांना हा शब्द परिचित आहे. माहिती मागवली जाते आणि कळवण्यासारखे काही नसेल तर रकान्यात निरंक लिहायचे असते. राजस्थानातील साथिन, म्हणजे सरकारी महिला विकास कार्यक्रमातील गावपातळीवरील कार्यकर्त्या, भंवरी देवी यांच्यावर 1992 मध्ये झालेल्या अत्याचारानंतर विशाखा प्रकरण उभे राहिले, त्यात 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूचना दिल्या आणि 2013 मध्ये कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तिची पीठासीन अधिकारी वरिष्ठ पदावरची स्त्री हवी, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा आणि समितीने दरवर्षी तक्रारींची संख्या, निकाली काढलेली प्रकरणे व घेतलेल्या कार्यशाळा यांचा अहवाल द्यायला हवा. आमच्याकडे हा कायदा आल्यावर समिती झाली. तिचा फलक भांडाराच्या दाराच्या आतल्या बाजूला लागला. तो वाचायचा तर दार लावून घ्यावे लागे. बाहेरच्या सदस्य म्हणून ज्या बाईंचे नाव होते, त्यांना मी एकदाही कारखान्यात पाहिले नाही. वार्षिक अहवाल मीच टंकलिखित करत असे आणि तक्रारींच्या रकान्यात निरंक लिहीत असे. मला मात्र हे ठाऊक होते की, एका विशिष्ट पर्यवेक्षकाच्या पाळीत जायला मुली तयार नसत आणि त्या दिवशी खाडा करून मजुरी बुडवणे पत्करत. ते खाडे माझ्याच हजेरीपटात लागलेले होते.

हेच चित्र देशपातळीवर कसे दिसते ते 2023 मध्ये कुस्तीगीर महिलांच्या आंदोलनाच्या वेळी समोर आले. जंतरमंतरवर खेळाडू बसल्या तेव्हा सर्व माध्यमांचे कॅमेरे तिथे होते आणि ते असायलाच हवे होते. पण त्या गर्दीत इंडियन एक्सप्रेसच्या बातमीदारांनी एक साधे, कष्टाचे काम केले; 30 राष्ट्रीय क्रीडा महासंघांच्या अंतर्गत समित्या एकेक करून तपासल्या. त्यांपैकी 16 महासंघ कायद्यात बसत नव्हते. पाच ठिकाणी समितीच नव्हती, चार ठिकाणी सदस्य पुरेसे नव्हते, सहा ठिकाणी बाहेरचा सदस्य नव्हता आणि एका महासंघाकडे दोन समित्या असूनही दोन्हींत स्वतंत्र सदस्य नव्हता. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्या वृत्ताची स्वतःहून दखल घेऊन नोटिसा काढल्या. ज्या मुलीला उद्या तक्रार करायची आहे, तिला दार तरी आहे की नाही, हे त्या बातमीने सांगितले. असे काम करायला दिल्लीत असण्याची गरज नाही. ठाणे आणि नवी मुंबईतील क्रीडा संघटना, जलतरण तलाव, व्यायामशाळा आणि क्रीडा प्रबोधिनी यांच्याकडे हाच प्रश्न घेऊन जाता येईल.

खेळाचा विषय निघाला म्हणून माझ्या घरातली गोष्ट सांगते. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हा मी आणि माझी सातवीतली नात मध्यरात्रीपर्यंत टीव्हीसमोर बसलो होतो. आपल्या दैनिकाने दुसऱ्या दिवशी पहिले पान त्यांना दिले, ते पान नातीने कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे. त्या स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम 1 कोटी 38 लाख 80 हजार डॉलर होती. 2023 च्या पुरुषांच्या विश्वचषकापेक्षाही ती जास्त होती. 2022 पासून कसोटीला 15 लाख, एकदिवसीय सामन्याला 6 लाख आणि टी-20 ला 3 लाख रुपये असे सामना मानधन स्त्री-पुरुष दोघांना सारखे झाले, तेही खरे. मात्र त्या वेळी वार्षिक करारांत पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीला 7 कोटी आणि स्त्रियांच्या सर्वोच्च श्रेणीला 50 लाख रुपये होते, हे बातमीत दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत यायला हवे होते. बहुतेक ठिकाणी ते शेवटी आले किंवा आलेच नाही. कबड्डी तर आपल्या मातीतला खेळ. पुरुषांची प्रो कबड्डी 2014 मध्ये सुरू झाली आणि आजही चालू आहे, स्त्रियांसाठी 2016 मध्ये तीन संघांची एक स्पर्धा झाली आणि ती तेवढ्यावरच थांबली.

माझी नात खो-खो खेळते. त्या विजयाच्या आठवड्यानंतर तिच्या शाळेत मी एका कामासाठी गेले होते. शाळा सुटल्यावर मैदान मुलांच्या संघाला मिळते, मुलींचा सराव खेळाच्या तासाला होतो आणि तास रद्द झाला की सराव रद्द होतो. सायंकाळी सराव ठेवा असे पालकांनी सुचवले होते, तर शिपाई पाचला स्वच्छतागृहाला कुलूप लावून जातो, असे उत्तर मिळाले. मुलींनी त्यावर आपला उपाय शोधला आहे. सराव असेल त्या दिवशी दुपारनंतर त्या पाणीच पीत नाहीत. नातीची पाण्याची बाटली भरलेली परत येते, म्हणून हे घरी कळले. शालेय स्पर्धांसाठी 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत मुलांचे आणि मुलींचे वेगवेगळे प्रवेश अर्ज जातात. त्या वर्षी शाळेने मुलांचा संघ पाठवला. मुलींबरोबर जायला शिक्षिका उपलब्ध नाही, या कारणाने मुलींच्या संघापुढे काय लिहिले असेल, हे मी सांगायला नको. शाळेचे नाव देत नाही, कारण तिथल्या शिक्षकांनी नातीवर राग धरावा असे मला वाटत नाही आणि ही गोष्ट त्या एका शाळेची नाही. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे आणि महापालिकांच्या क्रीडा विभागांकडे किती शाळांनी केवळ मुलांचे संघ पाठवले याची नोंद प्रवेश अर्जांच्या रूपाने असते. माहितीच्या अधिकारात 30 दिवसांत ती मिळायला हवी. ती मागवावी, शाळेशाळेने मांडावी आणि मग एकेका मुख्याध्यापकांना विचारावे.

शाळांच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याने दोनदा फार मोठी किंमत मोजली आहे. बदलापूरच्या शाळेतील चिमुकल्या मुलींवरील अत्याचारानंतर 20 ऑगस्ट 2024 रोजी लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि शाळेतील मुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या ‘सखी सावित्री समिती’चे नाव बहुतेक पालकांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. शासनाने त्याविषयीचे आदेश मार्च 2022 मध्येच काढलेले होते. पुढे जुलै 2025 मध्ये शहापूर तालुक्यातील एका खासगी शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे उतरवून मासिक पाळीची तपासणी करण्यात आली, गुन्हा दाखल झाला आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. दोन्ही वेळी बातमीदार धावून गेले. पण मार्च 2022 ते ऑगस्ट 2024 या काळात एखाद्या दैनिकाने ठाणे जिल्ह्यातील शाळांना केवळ एवढे विचारले असते की, समिती कोणत्या तारखेला स्थापन झाली, सदस्य कोण आणि शेवटची बैठक कधी झाली, तर कितीतरी शाळांनी निदान घाईघाईने का होईना ती समिती उभी केली असती. घटना घडल्यावर जाणे हे बातमीदाराचे काम आहेच. घटना घडण्यापूर्वी कागद तपासणे हेही त्याचेच काम आहे, असे मला कळकळीने वाटते.

जपानमध्ये 2018 साली योमिउरी शिंबुन या दैनिकाने उघड केले की, टोकियो वैद्यकीय विद्यापीठ प्रवेश परीक्षेत मुलींचे गुण पद्धतशीरपणे कमी करत होते. एकाही मुलीला तक्रार करता येण्यासारखी नव्हती, कारण आपले गुण कापले गेले आहेत हे एकीलाही ठाऊक नव्हते. त्या मुलींनी नापास झाल्याचे दुःख स्वतःच्या माथी घेतले होते. पुढच्या वर्षी त्याच विद्यापीठात मुलींच्या उत्तीर्ण होण्याचे प्रमाण मुलांपेक्षा किंचित वर गेले.

आपल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांची गर्भाशये काढली जात असल्याचे 2019 मध्ये वृत्तपत्रांतून पुढे आले, त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, सुमारे 82 हजार स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. पगारपत्रके केलेली बाई म्हणून त्या बातम्यांत मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट वेगळीच होती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, त्या कोयत्याला मिळते, हिशेब मुकादमाच्या वहीत कोयत्याच्या नावाने होतो आणि खाडा झाला तर दंडही कोयत्यालाच लागतो. पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या त्या बाईचे नाव मजुरीच्या वहीत कुठेही नसते. मावशींचे नाव निदान चुकीच्या प्रवर्गात तरी होते.

हे सर्व करणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. खासगी कंपन्या थेट माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाहीत आणि 2013 च्या कायद्याचे कलम 16 तक्रारदार, साक्षीदार, आरोपी आणि चौकशी यांविषयीचा तपशील प्रसिद्ध करू देत नाही; ते योग्यही आहे, कारण नाव फुटले तर ती मुलगी उभी राहू शकत नाही. तरी समित्यांचे वार्षिक अहवाल जिल्हा अधिकाऱ्याकडे जातात, त्यांची संख्या विचारता येते, किती आस्थापनांनी अहवालच दिला नाही हे विचारता येते. नसलेल्या समितीबद्दल 50 हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, तो आजवर किती जणांना झाला हे विचारता येते. शेअर बाजारातील पहिल्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून आपल्या वार्षिक निवेदनात स्त्री व पुरुष कर्मचाऱ्यांचे मध्यक वेतन (वेतने क्रमाने मांडली की मधोमध येणारे) आणि लैंगिक छळाच्या तक्रारींची संख्या द्यावी लागते. ऐरोली, महापे आणि घोडबंदर परिसरात ज्या मोठ्या कंपन्यांची कार्यालये आहेत, त्यांतील अनेकींची ही माहिती कोणालाही घरबसल्या वाचता येते. केरळमधील चित्रपटसृष्टीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविषयीचा न्या. हेमा समितीचा अहवाल डिसेंबर 2019 मध्ये सादर होऊन साडेचार वर्षांहून अधिक काळ पडून होता. माहिती अधिकारातील अपिलांचा पाठपुरावा झाला तेव्हा तो ऑगस्ट 2024 मध्ये बाहेर आला.

दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या जागा आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी कायद्याने जिल्हास्तरावर स्थानिक समिती ठेवली आहे आणि शहरांत प्रत्येक प्रभागात तक्रार स्वीकारणारा अधिकारी नेमायला सांगितले आहे. आपण ज्याला नवी मुंबई म्हणतो तो भाग दोन जिल्ह्यांत आहे. बेलापूरला धुणीभांडी करणारी बाई ठाण्याच्या समितीकडे जाईल. तिचीच बहीण एक-दोन स्थानके पुढे खारघरला काम करत असेल तर तिचा जिल्हा रायगड आणि समितीचे ठिकाण अलिबाग. प्रभागातला तो अधिकारी कोण, त्याचे नाव कुठे लावले आहे, हे आमच्या प्रभाग कार्यालयात मी विचारून पाहिले. तीन टेबले फिरून मी परत आले. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते, त्यामुळे टेबले फिरण्यातच मुदत संपू शकते. आपण ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या सर्व प्रभागांतील या अधिकाऱ्यांची पदनामे व कार्यालयांचे पत्ते मिळवून एका पानावर छापलेत, तर ते पान कितीतरी स्वयंपाकघरांत आणि सुरक्षारक्षकांच्या चौक्यांवर लागेल.

एक विनंती अवघड आहे, तरी ती करते. आपल्या दैनिकाच्या कार्यालयातही हा कायदा लागू आहे. आपली अंतर्गत समिती, तिच्या बाहेरच्या सदस्य आणि मागील वर्षीच्या अहवालातील आकडे आपण मालिकेच्या पुढच्या भागात आपणहून छापावेत. तालुक्यांत आणि उपनगरांत मानधनावर काम करणाऱ्या तरुण वार्ताहर मुली असतात, त्यांना रात्रीच्या बातमीला पाठवायचे की नाही हे कोण ठरवते, त्यांचे मानधन मुलांइतकेच आहे का, हेही लिहावे. तसे झाले तर दुसऱ्या कोणालाही हेच प्रश्न विचारताना आपल्या बातमीदाराला मागे पाहावे लागणार नाही. प्रवेशाच्या हंगामात शाळांच्या पानभर जाहिराती येतात, त्यांचा दबाव आपल्यावर असेल हे मी समजू शकते. म्हणूनच एका शाळेला नव्हे, तर जिल्ह्यातील सर्व शाळांना एकच प्रश्नावली पाठवावी आणि ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांची नावेही छापावीत, असे सुचवते.

वाचकाच्या पत्राने काय होते, असे घरातल्यांनी विचारले. अमेरिकेतील इंडियानापोलिस स्टार या दैनिकाने ऑगस्ट 2016 मध्ये तेथील जिम्नॅस्टिक्स संघटनेने प्रशिक्षकांविरुद्धच्या तक्रारी कशा दाबून ठेवल्या यावर वृत्त दिले. ते वाचून रेचेल डेनहॉलंडर या माजी जिम्नॅस्टने दैनिकाला पत्र पाठवले की, माझ्या बाबतीत तो प्रशिक्षक नव्हता, संघाचा डॉक्टर होता. बातमीदारांनी ते बाजूला टाकले नाही. त्यांनी तिची भेट घेतली, तिच्याकडचे वैद्यकीय कागद पाहिले, डॉक्टरलाही त्याची बाजू विचारली आणि सप्टेंबरमध्ये वृत्त छापले. त्यानंतर एकेक करत इतर जणी पुढे आल्या. जानेवारी 2018 मध्ये लॅरी नासर याला शिक्षा सुनावली गेली, तेव्हा त्या न्यायालयात 156 जणींची निवेदने झाली होती. पहिला भाग छापताना त्या बातमीदारांना त्याचे नावही ठाऊक नव्हते. त्यांनी मालिका एका भागावर संपवली नाही, म्हणून ते पत्र योग्य हातात पडले.

पगारपत्रक कसे वाचायचे, कोणता रकाना कोणत्या नोंदवहीशी ताडून पाहायचा, खाडे आणि पाळ्या शेजारी ठेवल्या की काय दिसते, कंत्राटदाराच्या बिलात पदनामे कशी बदलतात, हे आपल्या बातमीदारांना समजावून सांगायला मी तयार आहे. मी आठवड्यातले सर्व दिवस घरी असते; दुपारी चारनंतर आले तर बरे, कारण त्याआधी नातीला शाळेतून आणायचे असते. मावशी आता ऐरोलीतच मुलाकडे राहतात. त्यांच्याकडे नऊ वर्षांच्या पगाराच्या चिठ्ठ्या एका पत्र्याच्या डब्यात आहेत, हे मला गेल्या महिन्यात त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेले तेव्हा समजले. त्यांची परवानगी घेऊन मगच हे लिहिते आहे. माझे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक सोबतच्या स्वतंत्र कागदावर दिला आहे. तो कृपया छापू नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त लेखा कर्मचारी,
ऐरोली, नवी मुंबई